थकबाकी घरपट्टीची, दुखणे वारसनोंदीचे

(कसाल येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



घरपट्टीसारखा विषय अभ्यासवर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेवर यावा, याचे काहींना नवल वाटले असेल. जमीन महसूल, आयकर, अप्रत्यक्ष करांचा गरिबांवरील बोजा यांविषयी समाजवादी चळवळीत पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे. परंतु जो कर गावातील प्रत्येक घराला दरवर्षी भरावा लागतो, ज्याचे बिल पडवीत येऊन पडते आणि ज्याच्या भीतीने म्हातारी माणसे रात्र रात्र झोपत नाहीत, त्या कराचा विचार चळवळीने क्वचितच केला. ‘स्थानिक प्रश्न’ म्हणून तो ग्रामपंचायतीच्या सदस्यांवर सोपविला गेला आणि सदस्यांनी तो शिपायावर सोपविला.

कसालसारख्या गावात बसून हा विचार करणे सोयीचे आहे. मुंबई-गोवा महामार्गावर मालवणची वाट जिथे फुटते तिथे हे गाव आहे. तालुका कुडाळ, ओरोसची जिल्हा कचेरी अगदी जवळ. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होण्यापूर्वी कलेक्टरांकडे काम पडले म्हणजे रत्नागिरी गाठावी लागे. आता सरकार जवळ आले आहे. पण ते अंतराने जवळ आले आहे. पंचाहत्तरीतील एका विधवेला ग्रामपंचायतीची पायरी चढताना जो संकोच वाटतो, तो मैलांत मोजता येत नाही.

कोणा एका कुटुंबाकडे बोट दाखविण्याचे कारण नाही. अशी घरे कोकणातील प्रत्येक वाडीत आहेत. म्हणून नाव न घेता एक घर डोळ्यांसमोर आणावे. चिऱ्याच्या भिंती, वर नळे, पुढे पडवी आणि खळे, मागे दोन माड नि एक फणस. घरात आई एकटी. नवरा गिरणीत होता. १९८२ च्या संपानंतर गावी परतला आणि पंधरा वर्षांपूर्वी वारला. मुलगा मुंबईत, मुलगी कणकवलीकडे दिलेली. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत मात्र हे घर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे, आणि सासरे जाऊन चाळीस वर्षे झाली. नवरा होता तोवर बिल आले की तो जाऊन पैसे भरून येई. तो गेल्यावर दोनतीन वर्षे आईने शेजारच्या मुलाच्या हाती पैसे दिले. तो मुलगाही पुढे पुण्यास गेला. त्यानंतरच्या सहा वर्षांची बिले तिने घडी घालून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली आहेत, आणि वर नुकतीच आलेली लोकअदालतीची नोटीस.

ही नोटीस हा या गोष्टीतील सर्वांत भीतिदायक कागद. घरपट्टी-पाणीपट्टीच्या थकबाकीची प्रकरणे दावा दाखल होण्यापूर्वीच तडजोडीसाठी लोकअदालतीपुढे ठेवण्याची पद्धत महाराष्ट्रात रूढ झाली आहे. हेतू चांगला आहे. परंतु ज्या बाईने जन्मात न्यायालयाचा कागद पाहिला नाही, तिला ‘न्यायालय’ हा एकच शब्द वाचून दाखविला जातो आणि ‘तडजोड’ हा शब्द राहून जातो. आपल्याला आता कोर्टात उभे करणार, घर बोलीवर चढविणार, एवढेच तिला कळते.

चवथीला मुलगा येतो. ट्रंकेत आरतीचे पुस्तक शोधताना त्याच्या हाती तो कागद लागतो.

“आये, ही नोटीस कधी इली? माका कित्याक सांगलंस नाय?”

“तुका सांगान काय करतलंय? तुजो पगार तुकाच पुरना नाय. घरावर बोली लागली तर लागांदे, माझां काय उरलां आता?”

या उत्तरातील दुसरे वाक्य खोटे आहे आणि पहिले खरे आहे. तिने नोटीस लपविली ती निष्काळजीपणाने नव्हे. मुलावर भार पडू नये म्हणून, आणि त्याहून अधिक, आपण आता घर सांभाळण्यास असमर्थ ठरलो हे मुलासमोर कबूल करावे लागू नये म्हणून. अशा वेळी मुलाचा पहिला उद्गार रागाचा असतो, आणि तो रागच पुढच्या वर्षीचे बिल पुन्हा ट्रंकेत घालवितो. कार्यकर्ता या घरात शिरला तर त्याने प्रथम एवढेच पाहावे की चौकशी आईसमोर व्हावी, आईच्या तोंडून व्हावी, आणि कागदांची ट्रंक तिच्याच ताब्यात राहावी.

आता भीती किती खरी, हे पाहिले पाहिजे. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा. हल्ली त्यास महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम म्हणतात. त्याच्या कलम १२४ अन्वये पंचायतीस इमारती व जमिनी यांवर कर बसविण्याचा अधिकार आहे, आणि कलम १२९ मध्ये वसुलीची रीत सांगितली आहे. आधी बिल द्यावयाचे. त्यातील मुदतीत पैसे आले नाहीत तर मागणीलेख बजावावयाचा. मागणीलेखानंतर तीस दिवसांतही भरणा झाला नाही तर जंगम वस्तूंची जप्ती व विक्री करता येते. एवढ्यानेही वसुली झाली नाही तरच पंचायत वरच्या अधिकाऱ्यांकडे थकबाकीची यादी पाठवून ती जमीन महसुलाप्रमाणे वसूल करण्यास सांगू शकते. घरावर बोली लागण्याचा प्रश्न तिथे, अगदी शेवटी, उद्भवतो. म्हणजे मध्ये पुष्कळ पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर थांबता येते. आईला हे कोणी सांगितलेले नसते. तिच्या कल्पनेत बिलानंतर एकदम ढोल वाजवीत लिलाव येतो.

अर्थात पायऱ्या पुष्कळ आहेत म्हणून निर्धास्त राहावे असे नाही. रोजच्या व्यवहारात थकबाकीदाराची अडवणूक लिलावाने होत नाही, दाखल्याने होते. रहिवासाचा दाखला हवा, घराचा उतारा हवा, की ‘आधी घरपट्टी’ हे उत्तर ठरलेले. ज्या कागदावाचून वारसनोंद होत नाही तो कागद थकबाकीमुळे मिळत नाही, आणि वारसनोंद नाही म्हणून घर कोणाचे याविषयी वाद, व वाद आहे म्हणून पट्टी कोणी भरावयाची याचा निकाल नाही. भाऊ म्हणतो, घर सगळ्यांचे, मग एकट्याने का भरावे? चुलतभाऊ म्हणतो, राहते कोण? थकबाकीची रक्कम हजारांत असते, क्वचित त्याहून कमी. तेवढे पैसे मुंबईच्या मुलाला जड नसतात. अडते ते नावापाशी. बिल मेलेल्या माणसाच्या नावाने येते आणि मेलेला माणूस पैसे भरीत नाही, ही साधी गोष्ट पुष्कळ थकबाकीच्या मुळाशी आहे.

तेव्हा काम सुरू करावयाचे ते पैशांपासून नव्हे, नोंदवहीपासून. पंचायतीत नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही असते, नमुना ९ ही मागणीची, आणि पैसे भरल्याची पावती नमुना १० वर मिळते. या तिन्हींचा मेळ घालून पाहावा. ट्रंकेतील जुन्या पावत्या इथे कामास येतात. भरलेले वर्ष थकबाकीत दिसते, पाणीपट्टी घरपट्टीत मिसळते, असे घडत असते. त्यात प्रत्येक वेळी लबाडी असतेच असे नाही, एका माणसाच्या अंगावर तीन माणसांचे काम असते.

त्यानंतर आकारणी पाहावी. डिसेंबर २०१५ मध्ये कराचे नियम बदलले आणि ग्रामपंचायतींतही भांडवली मूल्यावर आधारलेली आकारणी आली. जमिनीचे मूल्य सरकारी मूल्यदर तक्त्यातून घ्यावयाचे, बांधकामाचे मूल्य त्याच्या प्रकारावरून, आणि इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा वजा करावयाचा, अशी ती पद्धत. म्हणजे घर दगडमातीचे की सिमेंट काँक्रीटचे, वय किती, क्षेत्र किती, वापर राहण्याचा की धंद्याचा, या चार गोष्टींवर बिलाचा आकडा ठरतो. साठ वर्षांचे चिऱ्याचे घर कागदावर वीस वर्षांचे झाले, किंवा कोसळलेली गोठ्याची पडवी अजून मोजमापात राहिली, तर आई दरवर्षी त्या नसलेल्या पडवीचा कर देत राहते. आकारणी दर चार वर्षांनी नव्याने होते. यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकत घेता येते आणि पंचायत समितीकडे अपील करता येते. कसालच्या माणसाला ती कुडाळला. हरकतीच्या मुदतीत गावात कोण असते? म्हातारी माणसे. हरकत कोण लिहू शकते? ती जी मुंबईत असतात. कार्यकर्त्याची गरज या फटीत आहे. यादी लागली की वाडीवाडीतील एकाकी घरांची नोंद तपासून पाहणे हे चार तरुणांचे आठ दिवसांचे काम आहे, आणि ते कोणत्याही पक्षाला करता येण्यासारखे असून सहसा कोणी करीत नाही.

आकडा नक्की झाला की भरणा. वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत चालू कर भरला तर पाच टक्के सूट आणि वर्ष उलटले तर पाच टक्के दंड, अशी नियमांत तरतूद आहे. ३० सप्टेंबरची ही मर्यादा चाकरमान्यांना सोयीची आहे, कारण चवथ बहुधा तिच्या आधीच येते. गैरसोय एवढीच की ज्या दिवसांत मुले गावी असतात त्याच दिवसांत कार्यालयांना सुटी असते. म्हणून गणपती विसर्जन होताच रात्रीची गाडी पकडण्याची सवय एक दिवस तरी मोडावी लागेल. एकदम सारी थकबाकी भरणे शक्य नसेल तर हप्त्यांची विनंती लेखी करावी, आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी. लोकअदालतीत जावयाचे असेल तर आकडे तपासल्यावाचून तडजोडीवर सही करू नये. तेथील निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील चालत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ प्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेविषयक साहाय्य मिळू शकते. माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा यांच्यासाठी २०२० पासून राज्यात ग्रामपंचायतीच्या मालमत्ता करातून सवलतीची योजना आहे. सैन्यातून निवृत्त होऊन आलेल्यांच्या कितीतरी घरी तिची वार्ताही पोहोचलेली नाही.

आता नावाचा प्रश्न, आणि इथे सावध राहावयास हवे. कारण मदत आणि बळकावणी यांच्यामध्ये एका सहीचे अंतर असते.

मुलगा थकबाकी भरतो. खिशातले पैसे घातले म्हणून त्याला वाटते, घर आता आपल्या नावावर व्हावे. आईही म्हणते, करून टाक बाबा. ग्रामपंचायतीत अर्ज जातो, त्यात बहिणीचे नाव नसते. कोणाला त्यात अन्याय दिसत नाही, कारण बहीण ‘दिलेली’ असते. वस्तुतः १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाची विधवा, मुलगे आणि मुली या एकाच वर्गातल्या वारस आहेत, आणि २००५ च्या दुरुस्तीने मुलीचा वडिलोपार्जित मिळकतीतील हक्कही मुलाच्या बरोबरीचा झाला. घरपट्टी भरल्याने मालकी मिळत नाही. नमुना ८ वर नाव लागल्यानेही मिळत नाही. ती कर कोणाकडून घ्यावयाचा याची नोंद आहे, मालकीहक्काचा निवाडा नव्हे, हे न्यायालयांनी पुनःपुन्हा सांगितले आहे. पण गावात त्या उताऱ्याला मालकीचाच मान मिळतो, बँका आणि खरेदीदार प्रथम तोच मागतात, आणि ज्याचे नाव त्यात नसते ती व्यक्ती हळूहळू घरातून पुसली जाते. आधी बहीण पुसली जाते. मग कधीतरी आईसुद्धा.

म्हणून थकबाकी भरताना नावे लावावयाची ती सर्व वारसांची, आणि सर्वांत वर आईचे. पंचायतीच्या नोंदीबरोबर घराखालच्या जमिनीचीही वारसनोंद करावी लागते. ती सातबाऱ्यावर, तलाठ्याकडे. हल्ली त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात आणि ग्रामसेवकांस ग्रामपंचायत अधिकारी. पदनामे बदलली, दोन दप्तरे मात्र दोनच राहिली. एकीकडे नोंद केली म्हणजे दुसरीकडे आपोआप झाली असे समजणारे पुष्कळ आहेत. कोकणात हा गोंधळ अधिक, कारण घरे दाटीने गावठाणात नाहीत, वाड्यावाड्यांत आपापल्या जमिनीत आहेत. गावठाणातील घरांना मालमत्ता पत्रक देण्यासाठी केंद्र सरकारने एप्रिल २०२० मध्ये स्वामित्व योजना सुरू केली. तिचा लाभ घाटावरच्या गावाला जितका होतो तितका इथे होणार नाही. इथे आधार सातबाराच, आणि त्यावर तीन पिढ्यांची वीसवीस नावे. महामार्गाच्या चौपदरीकरणाच्या वेळी भरपाई घेताना या पट्ट्यातील अनेक कुटुंबांना पहिल्यांदाच कळले की कागदावर आपण कोणीच नाही.

नवरा जिवंत असतानाच घर दोघांच्या नावे लावावे, असे परिपत्रक राज्य सरकारने २००३ मध्ये काढले होते. त्याची अंमलबजावणी जिथे झाली तिथे विधवेचा अर्धा त्रास वाचला. आणि मुलाने आईकडून बक्षीसपत्र करून घेतले असेल, व सांभाळ करीन ही अट पाळली नसेल, तर २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याखाली प्रांतांकडे असलेल्या न्यायाधिकरणात ते रद्द करून मागता येते. ही अट बक्षीसपत्रात लिहिलेली असावी, याकडे आधीच लक्ष द्यावे. नंतर तोंडी वचने सिद्ध करीत बसणे म्हाताऱ्या माणसाच्या आवाक्यातले नसते.

थकबाकीपायी घर वा जमीन जाणे ही केवळ कल्पनेतली भीती आहे काय? तशी ती नाही, आणि केवळ गरीब देशांतलीही नाही. अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात जेराल्डिन टायलर या वृद्ध बाईंचे एका शयनकक्षाचे घर होते. वय झाल्यावर २०१० मध्ये त्या वृद्धांच्या निवासात राहावयास गेल्या आणि त्या घराचा कर थकला. २०१५ पर्यंत मूळ कर सुमारे २३०० डॉलर होता. व्याज, दंड आणि खर्च धरून तो १५००० डॉलरवर गेला. हेनेपिन काउंटीने, म्हणजे तेथील जिल्हा प्रशासनाने, घर ताब्यात घेऊन ४०००० डॉलरना विकले आणि उरलेले २५००० डॉलरही ठेवून घेतले. राज्याचा कायदाच तसा होता. बाई न्यायालयात गेल्या. मे २०२३ मध्ये, त्या ९४ वर्षांच्या असताना, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की सरकारने आपले येणे घ्यावे, त्याहून अधिक घेणे म्हणजे मोबदल्याविना मालमत्ता हिरावणे होय.

हे वाचून आपल्या कायद्याचा अभिमान वाटण्यास थोडी जागा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिच्याप्रमाणे लिलावातून येणे फिटल्यावर उरलेली रक्कम मालकाला परत द्यावी लागते. शिवाय विक्रीनंतर तीस दिवसांत थकबाकी, आणि खरेदीदारासाठी किमतीच्या पाच टक्के रक्कम भरून विक्री रद्द करून घेता येते. परंतु याच संहितेच्या कलम २२० मध्ये दुसरी एक वाट आहे. लिलावास बोलीदार आला नाही, किंवा बोली पुरेशी नसली, तर सरकारने नाममात्र बोलीने ती जमीन स्वतः घ्यावी. गावातल्या शेतकऱ्याची जमीन लिलावात उचलावयास शेजारी सहसा पुढे येत नाही, त्याला लाज वाटते. त्या लाजेचा लाभ सरकारला मिळाला. आकाराची किरकोळ रक्कम थकली म्हणून अशा रीतीने सरकारजमा झालेल्या जमिनी म्हणजेच ‘आकारी पड’. टायलरबाईंच्या पंचवीस हजार डॉलरांचा न्याय इकडे लावला तर ही जमीन काय ठरते, हे सांगावयास नको.

बारा वर्षांच्या आत थकबाकी भरली तर जमीन परत मिळण्याची सोय होती. त्यानंतर दार बंद. बारा वर्षे ही मुदत मुंबईत चाकरी करणाऱ्याला किंवा निरक्षर विधवेला कळण्यापूर्वीच संपते. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कलम २२० मध्ये दुरुस्ती करून, जमिनीच्या चालू सरकारी मूल्याच्या पाच टक्के रक्कम घेऊन, त्या मूळ खातेदारांना किंवा त्यांच्या वारसांना परत देण्याचा निर्णय घेतला. त्या वेळी दिलेल्या माहितीप्रमाणे राज्यात ९६३ खातेदारांच्या ४८४९ एकरांचा हा प्रश्न होता. निर्णय स्वागतार्ह आहे. पण परत मिळणार कोणाला? वारसांना. वारस सिद्ध करावयाचे कशाने? पुन्हा नोंदीने. आजोबांच्या नावावरच थांबलेल्या सातबाऱ्याचे कुटुंब या निर्णयासमोरही हात जोडून उभेच राहणार.

कर भरूच नये, असा या विवेचनाचा अर्थ कोणी काढू नये. तसे सांगणारे पुढारी निवडणुकीच्या आसपास उगवतात. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी, दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावयाचे असतात. गावच्या घरपट्टीचा एक लाख बुडाला तर त्यातले तीस हजार नेमके ज्यांच्यासाठी पक्ष भांडतो त्यांचे बुडतात. १९९२ च्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक स्थान मिळाले. पण स्वतःचे उत्पन्न नसलेली पंचायत ही वरून येणाऱ्या अनुदानाची वाट पाहणारी एक कचेरी होऊन बसते. आणि एक अप्रिय गोष्ट: बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत येणे न भरणारा सदस्य अपात्र ठरतो, अशी अधिनियमात तरतूद आहे. पक्षाचे निवडून आलेले काही सदस्य याच कारणाने घरी बसण्याची वेळ येऊ नये. कार्यकर्त्याने दुसऱ्याची ट्रंक उघडण्यापूर्वी स्वतःच्या घरची उघडून पाहावी.

तथापि करात न्याय आहे काय, हा प्रश्न उरतोच. मुंबई महापालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा मालमत्ता कर माफ करण्याचा निर्णय सरकारने जानेवारी २०२२ मध्ये घेतला. म्हणजे मुलाच्या परळच्या सव्वादोनशे फुटांच्या खोलीला कर नाही, तिची बाजारातली किंमत काहीही असो. आणि कसालच्या वाडीत एकट्या राहणाऱ्या आईच्या चिऱ्याच्या घराला आहे. आईचे नियमित उत्पन्न म्हणजे फार तर श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे पैसे. २०२३ मध्ये ते एक हजारांचे दीड हजार झाले, तेही वेळेवर येतातच असे नाही. मुंबईतल्या कामगाराला मिळालेली सूट काढून घ्यावी असे कोणी म्हणणार नाही. पण एकाकी वृद्ध आणि विधवा जिथे स्वतः राहतात अशा एका लहान घराला गावातही सूट हवी, ही मागणी रास्त आहे. मात्र ती मागताना तिचा बोजा पंचायतीवर टाकू नये. मुंबईसारखी पंचायतीची उत्पन्नाची दहा साधने नाहीत. ती घट राज्य सरकारने भरून दिली पाहिजे, आणि मागणीच्या ठरावात हे वाक्य असलेच पाहिजे. नाहीतर म्हातारीची घरपट्टी माफ करून वाडीतला दिवा विझविल्यासारखे होईल. महामार्गाला लागून उभ्या राहणाऱ्या हॉटेलांची, गोदामांची आणि बंगल्यांची आकारणी क्षेत्राप्रमाणे व वापराप्रमाणे खरोखर होते काय, हेही त्याच ग्रामसभेत विचारता येईल. त्यासाठी नमुना ८ आधी वाचलेला असला पाहिजे.

त्या कल्पिलेल्या घरात मुलाने तूर्त चालू वर्षाची पट्टी आणि थकबाकीतील दोन वर्षे भरली आहेत, उरलेल्याचा अर्ज दिला आहे, आणि नसलेल्या पडवीविषयी हरकत लिहिली आहे. वारसनोंदीचा अर्जही लिहून तयार आहे. त्यात आईचे नाव पहिले, मग मुलाचे, मग मुलीचे. मुलीची सही तेवढी राहिली आहे. कसालहून कणकवली एसटीने फार दूर नाही. मुलाने परतीची गाडी धरण्यापूर्वी ती सही आणावयाची आहे.